तपासायला पाठवलेली कालवं

गावात मला पाठीमागे ‘तक्रारबाय’ म्हणतात. पाठीमागे म्हणजे मला नीट ऐकू येईल इतक्याच अंतरावरून. मी रागवत नाही. एकदा पोस्टातल्या माणसाने रजिस्टरची पावती फाडता फाडता मला विचारलं, “आज कुणाचा नंबर?” मी म्हटलं, “तुमच्याच वरच्या साहेबाचा. तिकिटांना गोंद नसतो.” त्याने मुकाट्याने गोंदाची बाटली पुढे सरकवली. तेव्हापासून माझी पत्रं वेळेवर जातात.

ही खोड मला कारखान्यात लागली. आयटीआय करून मी नवी मुंबईत टीव्हीच्या एका कारखान्यात चिकटले होते. काम सोल्डरिंगचं. हिरव्या बोर्डावर बारीक बारीक तारा चिकटवायच्या आणि त्याचा धूर नाकाने ओढायचा. धूर ओढायचा पगार वेगळा नव्हता. संध्याकाळी सुटल्यावर आम्हा बायकांचे डोळे इतके लाल असायचे की बसमधल्या लोकांना वाटायचं, आम्ही मयतीवरून येतोय. मी धूर ओढून घेणारा पंखा मागितला. आधी तोंडी मागितला, मग लेखी. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत साहेबाच्या बंद केबिनमध्ये जाऊन त्याच्या टेबलावरच सोल्डरिंग करत बसले. पाच मिनिटांत साहेब खोकत बाहेर. आठ दिवसांत पंखा आला आणि महिन्याभरात मी गेले.

मग माहेरी परत आले, चौलच्या अलीकडे आमचं खाडीकाठचं गाव, आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं. टीव्ही, मिक्सर, पुढे मोबाईल. जे दुरुस्त होत नाही ते भंगारवाला न्यायचा. ते पुढे कुठे जातं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नाही, हे मी कबूल करते. पडला तेव्हा उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर, खाडीचं पाणी शिरतं त्या खाजणाच्या कडेला, पत्र्याची एक मोठी शेड उभी राहिली होती. मुंबईकडून ताडपत्री टाकलेले टेम्पो यायचे. आत मेलेले कॉम्प्युटर, टीव्ही, फोन. तांब्यासाठी वायरी जाळायचे, बोर्ड ॲसिडच्या पिंपात बुडवायचे. कुठून कुठून लांबून आणलेले कामगार, हातात मोजे नाहीत. आणि उरलेलं पाणी एका जाड पाइपातून सरळ खाडीत.

म्हणजे बारा वर्षं ज्या बोर्डांवर मी डोळे फोडले, ते मरायला माझ्याच माहेरी येत होते. मला फार राग आला. मी पेन घेतलं.

शेडचा मालक परका असता तर सोपं गेलं असतं. तो निघाला माझ्या चुलतभावाचा मुलगा. आधी ट्रक होते त्याचे, मग हे. गावात त्याला शेठ म्हणतात, देवळाच्या रंगाला आणि क्रिकेटच्या ढालीला त्याचा हात सढळ. मला आत्या म्हणतो. मी त्याच्याविरुद्ध तक्रार केली की दुसऱ्या दिवशी सकाळी हा दारात हजर, हातात शहाळी. “आत्या, बीपी कसं हाय?” मी म्हणायचे, “तुझी शेड बंद झाली की उतरेल.” तो हसून शहाळं सोलून द्यायचा. मी ते प्यायचे. शहाळ्याशी माझं काही वैर नव्हतं.

माझ्या चौदाव्या की पंधराव्या पत्रानंतर एकदाचा सरकारी साहेब पाहणीला आला. येणार हे शेठला माझ्या आधी कळलं होतं. आदल्या दिवशी शेड रिकामी झाली आणि तिच्यात नारळाची सोडणं भरली गेली. इतकी सोडणं, की आमच्या अख्ख्या गावात वर्षभरात तेवढे नारळ पडत नाहीत. साहेबाने सोडणांकडे पाहिलं, वहीत ‘नारळ प्रक्रिया’ असं लिहिलं आणि चहा घेतला. मी त्याला हाताला धरून पाइपापाशी नेलं. पाइप त्या दिवशी कोरडा ठणठणीत. साहेब मला म्हणाला, “ताई, तुमची तळमळ कळते. पण पुरावा लागतो.”

पुरावा मला दोनच दिवसांनी मिळाला. तो केळीच्या पानात गुंडाळून आला.

आमच्या दोन घरं पलीकडे कालववाली मावशी राहते. पासष्टीची असेल. नवरा गेल्यापासून तिचं घर कालवांच्या पाटीवर चाललंय. ओहोटीला खडकांवर जायचं, लोखंडी आकडीने शिंपल्या फोडायच्या, आतलं मांस पाण्यात धुऊन पाटीत घ्यायचं आणि रेवदंड्याच्या बाजारात बसायचं. आमच्याकडे कालवं कुणाकडून घ्यायची हे लोक पोरीला स्थळ बघावं तसं बघतात, आणि मावशीकडून घ्यायला लोक मुरुडपासून यायचे. तिचा हात स्वच्छ. तिच्या पाटीत शिंपल्याची कच लागली असं कुणी सांगावं आणि तिने ते ऐकून घ्यावं, हे शक्य नव्हतं.

ती त्या दिवशी दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत उभी राहिली आणि मग पान उघडून माझ्यापुढे धरलं. आत पाच-सहा कालवं. हिरवी. शेवाळाचा हिरवा नव्हे. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं ना, तो हिरवा. “तुला तारांचं कळतं,” ती म्हणाली. “ह्ये काय हाय?”

मी विचारलं, “कुठली?”

“शेडच्या पाइपाजवळच्या कातळावरची. महिना झाला, अशीच निघतात. मी टाकून देते. दुसरीकडं जाते काढायला.”

मला इतका आनंद झाला की लपवता येईना. आज त्याची लाज वाटते, पण झाला. तांबं. डोळ्यांना दिसणारं तांबं, सोडणांखाली लपवता न येणारं. मी बोलायला सुरुवात केली, कलेक्टर, पेपरवाले, मोर्चा. मावशीने पान गुंडाळून कनवटीला लावलं.

“तू बोंब मारशील,” ती म्हणाली. “मारणारच, तुझा धंदा हाय तो. पण त्याची शेड बंद व्हायच्या आधी माझी पाटी बंद होईल, ठाव हाय तुला? लोकं शेडमधनं काय इकत घेत न्हाईत. माझ्याकडनं घेतात.”

एवढी पत्रं लिहिली, पण हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. खाडी खराब आहे असं जाहीर झालं की शेठचं काय होईल याला वर्षं लागतील. मावशीच्या पाटीचं काय होईल ते दुसऱ्या दिवशी सकाळी समजेल. तिच्या घरात सून आणि दोन नाती. मी तिला वचन दिलं की पक्का कागद हातात येईपर्यंत एक अक्षर बोलणार नाही, आणि कागद आला की पहिली मागणी कालव काढणाऱ्या बायकांच्या भरपाईची करीन. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भंगारवाल्याकडे पाहते. पण ती हिरवी कालवं तिलाही सहन होत नव्हती. “बघ बाय,” म्हणाली आणि गेली.

मुंबईत एका कॉलेजात शिकवणारी माझी मैत्रीण आहे, प्रयोगशाळेची बाई. तिने फोनवर सगळं बैजवार सांगितलं. पाइपाच्या जवळच्या खडकावरची वीस कालवं, शिंपल्यासकट, न धुता, बर्फात घालून पाठव. मी म्हटलं, त्यात काय, उद्याच काढते. आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला ऐटीत खडकावर चढले.

कालवांच्या खडकावर पाय ठेवायचा तर त्या घरात जन्म घ्यावा लागतो. तिसऱ्या पावलाला मी घसरले आणि शिंपल्यांच्या कडांनी माझी पोटरी अशी फाडली की सात टाके पडले. मावशी खडकावर उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मग तिनेच मला खांद्यावर घेऊन घरी आणलं. “तू लिव,” म्हणाली, “काढायचं काम माझं.”

मी तिला पाच वेळा सांगितलं. पाइपाजवळची. न धुता. शिंपल्यासकट. ती पाच वेळा “व्हय, व्हय” म्हणाली. पाय वर करून मी घरात पडले होते, ती खडकावर गेली, डबा भरला, बर्फ घातला आणि एसटीने मुंबईला जाणाऱ्या तिच्या भाच्याबरोबर धाडला. संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला.

“नमुना मिळाला. पण बरोबर दोन नारळ, सुपाऱ्या आणि कोकमं कशाला?”

मी म्हटलं, “ते आमच्याकडे असंच असतं. रिकामा डबा जात नाही.”

“आणि तुमची कालवं काय सुंदर असतात गं, केवढी मोठी.”

मी म्हटलं, “आमची कालवं आहेतच तशी.” अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. दुसऱ्या एखाद्या बाईच्या लक्षात आलं असतं. माझ्या नाही आलं.

आता माझ्या शहाणपणाचा नमुना ऐका. रिपोर्ट माझ्या घरी आला तर शेठ म्हणेल, आत्यानेच खाडाखोड केली. म्हणून मी मैत्रिणीला सांगून तो थेट ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर मागवला होता, आणि ग्रामसभेतच सगळ्यांसमोर फोडायचा असं सरपंचाकडून कबूल करून घेतलं होतं. पायाला पट्टी, हातात काठी, इस्त्रीची साडी, अशी मी पहिल्या रांगेत बसले. ग्रामसेवकाने पाकीट फोडलं, चष्मा पुसला आणि वाचलं. तांबं, मर्यादेच्या आत. शिसं, मर्यादेच्या आत. पुढेही दोन-चार नावं होती, ती सगळीही शहाण्या मुलांसारखी मर्यादेच्या आतच बसली होती.

सभेत आधी कुणी हसलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, “तक्रारबायनं कालवं पास केली,” आणि मग जो काही हशा झाला तो झाला.

शेठ दुसऱ्या दिवशी शहाळं नाही, पेढे घेऊन आला. “आत्या, तोंड गोड करा. इतका खर्च करून आमची तपासणी करून दिलीत.” त्याने रिपोर्टला प्लास्टिकचं आवरण घालून आणलं होतं. तो त्याने शेडच्या दारावर लावला, खाली झेंडूची माळ घातली. येणारा जाणारा वाचायचा. मी पेढा खाल्ला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी गोडाला नाही म्हटलं, यावरून काय ते समजा.

तशीच लंगडत मावशीच्या अंगणात गेले. ती सुकत घातलेली लाकडं उलटत होती. मी विचारलं, “कुठून काढलीस?”

“काय?”

“मुंबईला धाडलेली कालवं. कुठल्या कातळावरची?”

तिने मान वर केली नाही. “बाहेरच्या. समुद्राच्या अंगाला हाय तिथली.”

“मी पाइपाजवळची सांगितली होती.”

“मग?” आता तिने माझ्याकडे पाहिलं. “ती हिरवी घाण धाडू? त्या मुंबईच्या बाईनं डबा उघडला की म्हणेल, ह्या कोण गलिच्छ बायका. माझ्या हातनं आजपर्यंत वाईट कालव कुणाच्या घरात गेलं न्हाय.”

“ती खायची नव्हती, मावशी, तपासायची होती.”

“तपासायलाबी चांगलंच देतात. पोरगी बघायला येतात तेव्हा तिला फाटकं लुगडं नेसवतात का?”

आज मी ही गोष्ट सांगते तेव्हा इथे लोक पोट धरून हसतात, मीही हसते. मुंबईची मैत्रीण तर ऐकून फोनवर रडेपर्यंत हसली. ती म्हणाली, नमुने चुकण्याची शंभर कारणं आम्ही मुलांना शिकवतो, त्यात हे नाही. पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात ग्रामसभेचा हशा घुमत होता, आणि पाय ठणकत होता, आणि माझी जीभ ही अशी. मी म्हणाले, “लुगड्याचं राहू दे. शेठनं काय दिलं तुला?”

मावशीच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. मग तिने लाकूड खाली ठेवलं, हात पदराला पुसले, घरात गेली आणि दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या, शेजारणीच्या तोंडावर दार लावणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी घरी आले आणि स्वतःशीच भांडत बसले. एक मन म्हणे, तिला भीती होती पाटीची, म्हणून मुद्दाम केलं. दुसरं म्हणे, केलं असेल तर काय चुकलं तिचं? कागद आल्यावर भरपाई मागीन म्हणणारी तू, उद्या मिळणार होती का ती? आणि तिसरं मन, जे सगळ्यात शेवटी बोलतं आणि खरं बोलतं, ते म्हणालं, जिने तुला खांद्यावर घरी आणलं तिला तू विकाऊ म्हणालीस. पण माफी मागायला मी गेले नाही. तक्रार लिहिण्यात हात बसलेला, माफीचा मसुदा कधी केला नव्हता.

पुढच्या बुधवारी दुकान उघडतेय तोच मावशीची सून धावत आली. म्हणाली, “आत्या, चला बाजारात. आमची म्हातारी बघा काय करून बसलीय.”

बाजारात मावशी नेहमीच्या जागी बसली होती. पण आज पाटी एक नव्हती. केळीच्या दोन पानांवर दोन ढीग. एक पांढरट, तजेलदार, नेहमीचा. दुसरा हिरवा. उन्हात तो हिरवा असा उठून दिसत होता की रस्त्यापलीकडची माणसं थांबत होती. जो येईल तो विचारी, “मावशे, ह्यो कसला ढीग?” आणि मावशी बाजारभाव सांगावा त्या सुरात सांगे, “ह्यो बाहेरच्या कातळावरचा. मुंबईला तपासायला धाडला तो ह्यो. आणि ह्यो शेडच्या पाइपाजवळचा. त्यो धाडायचा ऱ्हायला.”

बस, एवढंच. ओरडणं नाही, भाषण नाही. मी आयुष्यभर पानंच्या पानं लिहिली, पण इतकं थोडक्यात मला कधी जमलं नाही. मी पाच पावलांवर उभी होते. तिने मला पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

गर्दी जमली तसा शेठही आला. त्याने एका नजरेत सगळं ओळखलं, हुशार आहेच तो, आमच्याच घरचा. हसत हसत खाली बसला. “मावशे, सगळीच्या सगळी मला दे. दोन्ही ढीग.”

“खायला घेतोस का टाकायला?”

“काय पन करीन.”

“टाकायला मी इकत न्हाय,” मावशी म्हणाली. मग तिने दोन्ही ढिगांमध्ये मोकळं पान पसरलं. “आज बुधवार. तुझी आय दर बुधवारी माझ्याकडनं कालवं नेते. आज तिचे गुडघे धरलेत, न्हाय आली. तू आलायस तर तिची तूच ने. सांग, कुठल्या ढिगातली बांधू?”

शेठ हसत होता, तो हसायचा थांबला. रिपोर्ट शेडच्या दारावर होता, माळ घातलेला. त्यात सगळं मर्यादेच्या आत होतं. नुसतं बोट दाखवायचं होतं, कुठल्याही ढिगाकडे. मला वाटलं, उठून जाईल. गेला असता तर आजही ती शेड चालूच असती. पण दोन्हीतलं काहीतरी आईला द्यायचं होतं, आणि आईचं नाव निघाल्यावर तो खोटं बोलू शकला नाही. हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते. त्याने पांढऱ्या ढिगाकडे बोट केलं.

मावशीने मोजून बांधून दिलं. वर ओंजळभर जास्त घातलं, नेहमी घालते तसं. म्हणाली, “तिला सांग, वाटणात खोबरं जास्त घाल.” तो पुडी घेऊन उठला आणि गर्दीने त्याला वाट दिली. कुणी शिवी दिली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा तेवढा म्हणाला, “ठाव हाय की त्याला.”

इथे गोष्ट संपली असती तर मीही पेढे वाटले असते. पण शेठ गेल्यावर लोकही गेले. हिरव्या ढिगाकडे बघून झालं होतं, पांढऱ्याला कुणी हात लावला नाही. मुरुडच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने दोनदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, “मावशे, आता कुणाला काय ठाव, पानी तर एकच.” बाजूच्या कालववाल्या बायका तिला तोंडाला येईल ते बोलायला लागल्या, कारण त्यांच्याही पाट्या तशाच पडून होत्या. त्यांचं काय चुकलं? मावशी उन्हात बसून राहिली. चार वाजता तिने दोन्ही ढीग एकाच पिशवीत भरले आणि सुनेला म्हणाली, “पुरून टाक.” मग चालत घरी गेली. एसटीत बसली नाही.

ती गोष्ट खाडीपार दिघीपर्यंत पोचली, आणि गोष्ट पोचली की सरकारही पोचतं. तोच साहेब आला, या वेळी न सांगता आणि स्वतःच्या बाटल्या घेऊन. मुंबईहून माझी मैत्रीणही आली, रबरी बूट घालून. खडकावर त्यांना घेऊन कोण जाणार? मावशी बोलावल्याशिवायच आकडी घेऊन किनाऱ्यावर उभी होती. साहेब ऐटीत पुढे निघाला आणि चौथ्या पावलाला बसला. माझ्यापेक्षा एक पाऊल जास्त, मी मोजलं. मावशीने त्याला उठवलं, पाइपाजवळ नेलं, वीस कालवं शिंपल्यासकट काढली, आणि धुवायला हात पाण्याकडे गेला तो स्वतःच मागे घेतला. माझ्याशी अजून बोलत नव्हती.

या वेळी शेडमधली ॲसिडची पिंपं साहेबाला दिसली, आणि रिपोर्टची वाट न बघता शेडला कुलूप लागलं. पाइप कापला. टेम्पो यायचे थांबले, आणि ते कामगार एका सकाळी निघून गेले, कुठे ते मी शोधते आहे. दुसऱ्या कुठल्या तरी खाडीवर असणार. शेठ हल्ली मला शहाळी आणत नाही. मला त्या शहाळ्यांची आठवण येते, आता हसा.

दुसरा रिपोर्ट या वेळी माझ्या हातात आला. मी तो दुकानातच फोडला. तांबं मर्यादेच्या कितीतरी बाहेर. शिसं बाहेर. मी दुकान बंद केलं आणि अक्षरशः पळत निघाले, टाके पडलेल्या पायाने. एवढ्या वर्षांत मी जिंकलेला तो पहिला कागद होता. मावशीच्या दारात पोचले तर ती पडवीत सुकट निवडत बसलेली. कालवं बंद झाल्यापासून ती दुसऱ्याचं सुकं घेऊन विकते. तिला ते मुळीच आवडत नाही. तिच्या पाटीजवळ हल्ली कुणी वाकत नाही, लांबूनच भाव विचारतात.

“रिपोर्ट आला,” मी म्हणाले.

“वाच.”

मी वाचायला लागले. जी ओळ मला हवी होती, जिच्यासाठी इतकी भांडले, तीच ओळ मी तिला वाचून दाखवत होते की तुझे खडक मेले. तरी मी वाचलं. ती एकेक आकडा ऐकत होती, कळत नसताना.

“म्हंजे नापास,” ती म्हणाली.

“नापास.”

“पुन्ना कधी पास व्हतील?”

मी मैत्रिणीला हेच विचारलं होतं. ती म्हणाली होती, पाणी लवकर सुधारेल, चिखलातलं बसलेलं कधी निघेल ते सांगता येत नाही. मला काहीतरी गोड बोलता आलं असतं. पण हिच्यावर एकदा खोटा आळ घेऊन झालं होतं. मी म्हटलं, “माहीत नाही, मावशी. वर्षं जातील. भरपाईचा अर्ज आजच टाकते, पण तिलाही वर्षंच लागतील.”

तिने मान हलवली. पुन्हा सुकट निवडायला लागली. मी म्हणाले, “त्या दिवशी मी जे बोलले ते फार वाईट बोलले. मी चुकले.” माझं मलाच ते इतकं छोटं वाटलं.

“बोललीस ते बोललीस,” ती म्हणाली. मग हात पदराला पुसून तिने कागद माझ्याकडून घेतला आणि उलटा-सुलटा करून पाहिला. “ह्याच्यात कालवं कुणी काढली ते लिवलंय का?”

नमुना घेणाऱ्याच्या जागी साहेबाचं नाव होतं. मी तसं सांगितलं.

“त्यो तर बसला व्हता पान्यात. खोड त्याला. माझं नाव घाल. ह्या टायमाला मी बरोब्बर जागची काढली.”

सरकारी कागदावर असं खोडता येत नाही, हे मला कुणी सांगायला नको, मी त्यातच जन्म घालवलाय. मी पेन काढलं, साहेबाचं नाव खोडलं आणि तिच्या हातात पेन दिलं. तिला सही येते, नातीने शिकवली आहे. एकेक अक्षर थांबून थांबून लिहायला तिला बराच वेळ लागला. मी इथे कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. त्या कागदावर तिचं आहे.